पंप पिशवीत, पिशवी खुंटीला

१.
मे महिन्याचा पहिला मंगळवार हा जागतिक दमा दिन. १९९८ पासून पाळतात. त्या दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीत ऊन मी म्हणत असते, लग्नाच्या तिथी दाट असतात आणि बरेचसे दमेकरी ठणठणीत असतात. इथे दम्याची आठवण व्हायला आधी कापूस फुटावा लागतो, मग थंडी पडावी लागते.

२.
दमा दिनाला गर्दी नसते. मृगाला असते. मृग लागला की हैदराबादला नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर बथिनी गौड कुटुंब ‘मत्स्य प्रसादम’ वाटते. मरळीचे बोटभर जिवंत पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळसर औषधाची गोळी, आणि ते पिल्लू माणसाच्या घशात. शाकाहारी असाल तर गुळातून. पिल्लू मत्स्य विभागाच्या काउंटरवर विकत घ्यायचे, औषध फुकट. कुटुंब ही परंपरा १८४५ पासूनची सांगते. कृती गुप्त. कोविडमुळे २०२० ते २०२२ वाटप बंद होते, २०२३ला रांगा पुन्हा लागल्या. रांगेत महाराष्ट्रातली माणसे पुष्कळ.

विज्ञानवादी संघटनांनी आक्षेप घेतले, तेव्हा ‘औषध’ मागे पडले आणि ‘प्रसाद’ पुढे आला. रांग तेवढीच.

३.
जिवंत मासा चारचौघांत गिळायला लाज वाटत नाही. दम्याचा पंप ओढायला वाटते.

४.
आदिलाबादची बस. पुढच्या सीटवर एक मावशी, तोंडावर पदर. पदराआड हात गेला, ‘फुस्स’ असा आवाज आला, मग दहा सेकंद मान खाली. शेजारच्या पोरीने विचारले, “मावशी, सेंट मारून राहिल्या का?”
“हो माय.”

५.
१९५५, अमेरिका. रायकर लॅबोरेटरीज या कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी. तेव्हा काचेच्या भांड्याला रबरी फुगा लावलेला असे, तो दाबून दाबून औषध ओढायचे. तिने बापाला विचारले, माझे औषध हेअरस्प्रेसारखे डब्यात का येत नाही? १९५६मध्ये पंप बाजारात आला.

६.
मध्यस्थ सांगतात : “मुलगी शिकलेली, घरकामात हुशार, बोलायला गरीब. जरासा सर्दीचा कोठा आहे, बस.”
प्रियांका चोप्राने २०१८मध्ये जाहीरपणे सांगितले की मला दमा आहे. लग्न त्याच वर्षी झाले. अर्थात, तिथे मध्यस्थ नव्हते.

७.
एका घरातल्या पोराची बंदीची यादी. केळे बंद. दही बंद. पेरू, सीताफळ, काकडी बंद. आइस्क्रीमचे नाव काढायचे नाही. डोके भिजवून आंघोळ आठवड्यातून एकदाच.
चालू : चूल. कासव छाप कॉइल. बाजेवर बसून बापाची बिडी.

८.
आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी लागली की आधी ओलावा मोजतात. मीटर कापसात खुपसायचे आणि आकडा बघायचा. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कापून, बाराच्या वर कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हात लावत नाही. या आकड्यावरून आवाज चढतात, रस्ता अडवला जातो, कलेक्टरला यावे लागते. आठ आणि बारा हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

छातीतून हवा किती जोराने बाहेर पडते, हे मोजायचेही मीटर असते. पीक फ्लो मीटर. वीतभर प्लास्टिकची नळी, बाजूला आकड्यांची पट्टी, पट्टीवर सरकणारा काटा. उभे राहायचे, छातीभर श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका दमात फुंकायचे. असे तीनदा. सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. पंधरा-वीस दिवसांत आपला नेहमीचा आकडा कळतो. काटा त्याच्या निम्म्यावर आला की घरचे उपाय सोडून दवाखाना गाठायचा. नळीला वीज लागत नाही, सेलही लागत नाहीत.

तामसीत ही नळी मी अजून कुणाच्या घरी पाहिलेली नाही. कापसाचे मीटर स्वतःचे घेतलेले शेतकरी मात्र भेटतात. व्यापाऱ्याच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नसतो, आणि बरोबरच आहे.

९.
पीक फ्लो मीटर १९५९मध्ये इंग्लंडच्या मार्टिन राइट यांनी पुढे आणले. ते आधी खाणकामगारांच्या फुप्फुसांवर काम करणाऱ्या संस्थेत होते. दारू प्यायलेल्या माणसाचा श्वास तपासायचे यंत्रही त्यांनी बनवले.
हायवे ४४वर फुंकायला लावतात ते दुसरे.

१०.
सुताच्या गिरण्यांत जुना अनुभव आहे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळून येते, दम लागतो, आठवडा सरता सरता सैल पडते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाचे नाव बिसिनोसिस. कायद्याने कळवायच्या रोगांच्या यादीत तो आहे. म्हणजे रोगी सापडला तर डॉक्टरने सरकारला कळवायलाच हवे. पुढे पुढे सोमवारपुरता त्रास राहत नाही, रोजचाच होतो.

जिनिंगमध्ये रेचे चालू असताना हवेत जे उडते ते उन्हाच्या तिरिपेत दिसते. एरवी दिसत नाही. भुवयांवर पांढरे, कानाच्या पाळीवर पांढरे. रुमाल असतो, पण घाम पुसायला. एका हमालदादांना विचारले, सोमवारी जड जाते का?
“सोमवार कुठला? सीझनमंदी रविवारच नाही भेटत, तं सोमवार कुठून येईन?”

११.
बार्सिलोना, १९८१ ते १९८७. शहरात अधूनमधून एखादा दिवस असा उगवायचा की धाप लागलेली माणसे एकाच वेळी इस्पितळात. असे २६ दिवस मोजले गेले. हवेतले प्रदूषण तपासले, काही लागले नाही. शेवटी बंदराच्या नोंदवह्या काढल्या. दम्याच्या प्रत्येक दिवशी बंदरात सोयाबीनचे जहाज खाली होत होते. एका कोठाराच्या माथ्यावर धूळ अडवणारे फिल्टर नव्हते. ते बसवले आणि साथ थांबली. १९८९मध्ये डॉक्टरांनी हे सगळे छापले.

पहिला दमा दिन १९९८ला जाहीर झाला तो याच शहरातल्या परिषदेला जोडून.

१२.
दसऱ्याच्या आसपास तामसीच्या शिवारात सोयाबीनचे थ्रेशर. पेंढ्या आत टाकणाऱ्याच्या नाकावर रुमाल. पोते धरणाऱ्याच्या नाही. भुसा उडतो त्या बाजूला एक दहा-बारा वर्षांचे पोर उभे.
“त्याले दमा हाय ना, म्हणून हलकं काम देलं.”

१३.
हिवाळ्यात तेलंगणातल्या सर्वांत थंड गावाची बातमी आली की त्यात अर्ली (टी) हे नाव बहुधा असतेच. भीमपूर मंडळातले गाव. इथून हाकेच्या अंतरावर. हैदराबादचे लोक ती बातमी वाचून फिरायला यायचा बेत करतात.
त्याच पहाटे मेडिकलवाल्याच्या दारावर थाप पडते.

१४.
मेडिकलवाल्याची निरीक्षणे विश्वासार्ह असतात. तो म्हणतो, निळा पंप सगळ्यात जास्त खपतो. डॉक्टर दोन लिहून देतात. निळा लगेच आराम देतो, दुसरा देत नाही. म्हणून लोक दुसरा परत आणतात, “हा चालत नाही, बदलून द्या.”

दुसरा सूज उतरवणारा. रोज ओढायचा, दम असो नसो. फरक आठवड्यांनी दिसतो. दम्याचे मूळ श्वासनळ्यांच्या सुजेत असते. निळा नळी तेवढ्यापुरती सैल करतो, सूज आहे तिथेच. २०१९पासून जगभरची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की नुसत्या निळ्या पंपावर राहू नका, बरोबर सूज उतरवणारे औषध हवेच. दोनशे झटक्यांचे निळे पंप वर्षात तीन किंवा जास्त लागत असतील, तर दमा जोरात उठायचा धोका वाढतो. बारा किंवा जास्त लागत असतील, तर जिवाला धोका.
महिन्याला एक नेणारी गिऱ्हाइके पक्की. त्यांना उधारीही मिळते.

१५.
पांढऱ्या कॅपसूल मिळतात, यंत्रात घालून फिरवायच्या आणि आतली पूड ओढायची. आजोबांनी महिनाभर पाण्याबरोबर गिळल्या. “गुण नाही आला, पण त्रासबी नाही झाला.”

१६.
“डॉक्टरसाब, एक सुई मारा, तेवढ्यात बरं वाटते.”
डेरिफायलिन आणि डेक्सोना. वीस मिनिटांत माणूस चालत घरी. पंधरा दिवसांनी पुन्हा. पुढे गोळ्याच सुरू होतात, स्टेरॉइडच्या. सहा महिन्यांत गाल भरतात, चेहरा गोल होतो, पोट सुटते. पाहुणे म्हणतात, “आता तब्येत सुधारली.” तोवर साखर वाढलेली असते, हाडे ठिसूळ होऊ लागलेली असतात.

१७.
गणित. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका झटक्यात बुडेसोनाइड साधारण २०० मायक्रोग्रॅम. नुसते वजन धरले तर एका गोळीत पन्नास झटके. गोळी रक्तातून अंगभर फिरते, झटका थेट छातीत.
“पंपात स्टेरॉइड राहते म्हणते, आपल्याला नको.” बोलणारे काका सुई घेऊन येत होते.

१८.
सवय लागते म्हणून पंप नको, असे म्हणणाऱ्याच्या एका हातात चहा असतो, दुसऱ्यात तंबाखू.

१९.
एका आरोग्य केंद्राची भिंत. पोस्टरवर फुप्फुसांचे मोठे चित्र, खाली तेलुगूत दहा-बारा ओळी. बाकावर बसलेल्यांत कुणी मराठी, कुणी गोंड, कुणी लंबाडा, कुणी उर्दू बोलणारे. तेलुगू बोलणारेही होते, पण त्यांतल्या एकीला वाचता येत नव्हते. एका आजीने चित्र नीट न्याहाळले आणि निकाल दिला, “बकऱ्याचं फोपसं हाय.”

या जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. म्हणजे मराठीत छापलेले इथे सरकारला परके नाही.

२०.
आशाताईंना विचारले, दम्याबद्दल घरोघर काय सांगता? त्यांनी रजिस्टर दाखवले. गरोदर माता, लसीकरण, टीबी, बीपी, शुगर, डेंग्यू. दम्याचा रकाना नाही.
“कोनी खोकलला का मी थुंकीचा डबा देते. टीबी नाही निघाला का मंग काई नाही.”

२१.
जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण तेरा टक्के भारतात. दम्याने मरणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भारतात.

२२.
१९९९ : एकसंध आंध्रात ‘दीपम’, बायकांच्या नावाने गॅस.
२०१६ : ‘उज्ज्वला’.
२०२४ : तेलंगणात पाचशे रुपयांत सिलिंडर.
आज सकाळी : शेगडीवर चहा, कारण पाहुणा आलेला. मागच्या पडवीत चुलीवर भाकरी, सरपण पऱ्हाटीचे. पऱ्हाटी शेतात फुकट पडलेली असते, सिलिंडरसाठी आधी पूर्ण पैसे भरायचे आणि अनुदानाची वाट बघायची. भाकरी करणाऱ्या वहिनींचा हिशेब चुकत नाही. चुकते ते पडवीचे छप्पर. धूर जायला त्यात फट नाही. दोन कौले काढून काच बसवतात तशी एक मोकळी फट ठेवली तरी बरेच काम होईल. हे सांगायला योजना लागत नाही, गवंडी लागतो.

२३.
पुण्याचे डॉ. संदीप साळवी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बिडी-सिगारेट न ओढताही फुप्फुसे खराब होतात, आणि त्यात चुलीचा वाटा मोठा. डासांच्या कॉइलबद्दलही तेच. २००३मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगारेटींइतकी भरली.
थंडीत इथे दार बंद, खिडकी बंद, फटीत बोळा, आणि बाळाच्या बाजेखाली कॉइल.

२४.
गाजर गवत पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आले ते पुण्याला, १९५५च्या सुमाराला. आता बांधावर, बसथांब्यावर, शाळेच्या मैदानाच्या कडेला. हाताने उपटले की खाज, चट्टे. फुलावर आले की शिंका, कुणाला दमा. ते खाणारा मेक्सिकोचा भुंगा १९८४ला बंगळुरात सोडला. भुंगा पसरला, गवत त्याच्यापेक्षा जास्त पसरले.
गवताच्या नावाने सरकारी जागृती सप्ताह असतो, १६ ते २२ ऑगस्ट. दम्याला एक मंगळवार.

२५.
निंदायला आलेल्या बायका हाताला खोबरेल लावतात, मनगटापर्यंत जुने मोजे घालतात. हे त्यांना कुठल्या सप्ताहात कुणी शिकवलेले नाही.

२६.
मेलबर्न, २१ नोव्हेंबर २०१६, संध्याकाळ. वादळ आले, गवताचे परागकण ओलाव्याने फुटून बारीक झाले आणि थेट छातीत उतरले. काही तासांत हजारो माणसे धापा टाकत इस्पितळात, दहा मृत्यू. यांतल्या बऱ्याच जणांना दमा असल्याचे कधी कुणी सांगितले नव्हते. नुसत्या शिंका यायच्या.

२७.
“नुसत्या शिंका आहेत.” सकाळी उठल्यावर पंधरा-वीस, नाकाला पाणी, डोळ्यांना खाज, टाळूला खाज. पोरगा तळहाताने नाक वर वर चोळतो, नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी रेघ पडलेली. बालरोगतज्ज्ञ ही रेघ दारातूनच ओळखतात. नाकाची ॲलर्जी असणाऱ्या बऱ्याच जणांना पुढे दमा दिसतो. नाक आणि छाती एकाच नळीची दोन टोके. नाकाचा इलाज नीट केला तर दमाही आवाक्यात राहतो.
घरात सगळे त्याला ‘शेंबड्या’ म्हणतात.

२८.
गोधडीत धूळकिडे राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या कातडीचा कोंडा खातात, त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी होते. घरातली धूळ का बाधते, हे कोडे डच संशोधकांनी १९६०च्या दशकात सोडवले. उपाय म्हणजे कढत पाण्यात धुणे, कडक उन्हात टाकणे.
आजी दर वर्षी दिवाळीआधी गोधड्या मत्तडी वाग्यावर नेऊन धुते आणि खडकावर वाळवते. झटकायचे काम नातवाकडे. नातू दमेकरी.

२९.
कोजागिरीला विदर्भात ठिकठिकाणी दम्याचे औषध देतात. खीर चांदण्यात ठेवायची, तीत झाडपाल्याची पूड घालायची, रात्र जागून काढायची. थंडी नुकती सुरू झालेली, मैदान उघडे, शेकोट्या, उदबत्त्या, आणि हजारो दमेकरी जागे.

३०.
पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. २०१७च्या पावसाळ्यात तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. नदीच्या अलीकडेही पीक तेच, फवारणी तशीच, तोंडाला उपरणे.
फवारणीचा पंप ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. दम्याचा उशीखाली.

३१.
पी.टी.च्या तासाला दमेकरी पोरगा कबड्डीच्या रेघेबाहेर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळतो. सर चांगले आहेत, काळजीपोटीच बसवतात.
१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला अमेरिकेचे ५९७ खेळाडू होते. त्यांतल्या ६७ जणांना पळाल्यावर दमा उठायचा. त्यांनी ४१ पदके नेली.

३२.
आग्या मोहोळ उठले आणि एका गुराख्याला आठ-दहा डंख बसले. अंगभर गांधी. बायकांनी आमसुलाचे पाणी पाजले, घोंगडी पांघरली. त्याचे निभावले.
नुसत्या गांधींना घोंगडी चालेल. पण ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते पित्त नव्हे. तिथे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, आणि ताबडतोब. ॲम्प्यूल स्वस्त असते. ॲव्हिलची सुई त्याची जागा घेऊ शकत नाही. हा प्रकार शोधणाऱ्या शार्ल रिशे यांना १९१३चे नोबेल मिळाले. डंख, शेंगदाणा, कोळंबी, पेनिसिलिन, कशानेही होऊ शकते. एकदा झाले असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवावे, आणि दर डॉक्टरला आधी तो कागद दाखवावा.

३३.
श्वासातून घ्यायची सालब्युटामॉल, बुडेसोनाइड आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही औषधे २०२२च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. यादी दिल्लीत आहे. सरपंचांनी, मंडळ परिषदेच्या सदस्यांनी आपल्या केंद्रात जाऊन एवढेच विचारावे की कपाटात काय आहे. हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

३४.
थंड पेयाची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायची, पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची, म्हणजे औषध भिंतीला चिकटत नाही. तार तापवून बुडाला भोक पाडायचे, पंपाच्या तोंडाच्या मापाचे, लंबगोल. पंप त्यात बसवून फटी डिंकाने किंवा चिकटपट्टीने बंद करायच्या. बाटलीचे तोंड पोराच्या तोंडात. पंप हलवून एक झटका, मग सावकाश चार-पाच श्वास. दक्षिण आफ्रिकेच्या डॉक्टरांनी ही बाटली दुकानात याच कामासाठी मिळणाऱ्या महाग ‘स्पेसर’शी ताडून पाहिली, १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दम्याच्या झटक्यात बाटली त्याच्या तोडीस तोड उतरली.

पंप नुसता तोंडात मारला की बरेचसे औषध घशालाच चिकटते. झटका आणि श्वास यांचा मेळ लहान पोरांना जमत नाही, म्हाताऱ्यांना जमत नाही, आणि खरे सांगायचे तर धाप लागलेली असताना कुणालाच जमत नाही. बाटलीने मेळाचा प्रश्नच मिटतो.
तामसीच्या बस स्टँडमागे अशा बाटल्यांचा ढीग आहे.

३५.
“दमा दमाबरोबरच जाते,” असे इथे म्हणतात. बरेचसे दमेकरी रोज पंप ओढून शेतात जातात, गाणे म्हणतात, सत्तरी गाठतात. त्यांच्याबद्दल कुणी काही म्हणत नाही, कारण त्यांना दमा आहे हे कुणाला माहीतच नसते.

३६.
सप्ताहात कीर्तन सुरू व्हायच्या आधी माइकवरून सूचना होतात. उद्याची पंगत कुणाची, किल्ली कुणाची हरवली, ट्रॅक्टर रस्त्यातून काढा. विणेकऱ्यांनी हरकत घेतली नाही तर त्यात एवढे वाचावे, मराठीत एकदा, तेलुगूत एकदा :

रात्री खोकल्याने जाग येत असेल, छातीत सूं-सूं वाजत असेल, दर थंडीत किंवा धुळीत दम लागत असेल, तर तपासून घ्या. रोजचा पंप बरे वाटले म्हणून सोडू नका. ओढून झाले की चूळ भरा. पंप पिशवीत आणि पिशवी खुंटीला, असे नको. शेतात जाताना खिशात ठेवा. शाळेत पोराच्या दप्तरात ठेवा आणि बाईंना सांगा.

बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर आधी १०८ लावा. गाडी येईपर्यंत माणसाला बसते ठेवा, आडवे करू नका, भोवती गर्दी करू नका. निळा पंप बाटलीतून द्या. एक झटका आणि चार श्वास, असे चारदा. चार मिनिटे थांबा. उतार नसेल तर पुन्हा तसेच, गाडी दारात येईपर्यंत.

१०८ला पैसे पडत नाहीत. पैनगंगेच्या दोन्ही काठांना नंबर एकच आहे.